माझ्या गुडघ्यांना गिटार उत्तम ऐकू येत होती

११ नोव्हेंबर २०२३, शनिवार. साठ-सत्तर माणसं मावतील एवढा हॉल, मोठी खोलीच म्हणा. एका टोकाला वीतभर उंचीचं स्टेज आणि स्टेजच्या कडेपासून तीन पावलांवर पहिलं टेबल. आम्ही चौघं: गायिका, बेसवाला, ड्रमर आणि गिटारवर मी. तिसरं गाणं संपेपर्यंत साउंडवाल्या दादांनी मला तीनदा खूण केली होती, तळहात हवेत खाली दाबून. तिन्ही वेळा मी वळून ॲम्पचा, म्हणजे गिटारच्या ॲम्प्लिफायर-स्पीकरच्या पेटीचा, नॉब केसभर मागे घेतला, आणि पुढचं गाणं सुरू झाल्यावर मला माझंच वाजवणं ऐकू येईना म्हणून पुन्हा होता तिथे आणून ठेवला. चौथ्यांदा त्यांनी खूण केलीच नाही. मी समजलो, आता जमलं.

रात्री एका मैत्रिणीने मोबाइलवर घेतलेला व्हिडिओ पाठवला. त्यात माझी गिटार होती, मागे कुठेतरी झांजा होत्या, आणि गायिकेचे ओठ हलत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कानात बारीक शिट्टी वाजत राहिली. मंगळवारी हॉलचा मेल आला. भाषा अगदी सभ्य होती. पुन्हा कार्यक्रम हवा असेल तर सोबतच्या ध्वनी-अटी वाचाव्यात, चौघांनी सह्या कराव्यात, आणि दोन चाचणी-संध्याकाळी कमी वेळाच्या वाजवून दाखवाव्यात, मग ठरवू. गायिकेने तो मेल आमच्या ग्रुपवर टाकला, खाली एक अक्षरही न लिहिता. त्या शांततेचा अर्थ मला बरोबर कळला.

अटींचं पत्रक दोन पानी होतं. साउंड डेस्कपाशी मोजलेली पंधरा मिनिटांची सरासरी ९८ डीबीएच्या (माणसाच्या कानाला जुळवून मोजलेल्या डेसिबलच्या) वर जाता कामा नये. साउंडचेक दारं उघडायच्या पाऊण तास आधी संपलाच पाहिजे, उशीर झाला तर नुसती माईक-तपासणी. भिंतीवर लिमिटरचा, म्हणजे आवाजावर पहारा ठेवणाऱ्या यंत्राचा, दिवा आहे, तो दहा सेकंद सलग लाल राहिला तर स्टेजची वीज आपोआप जाते. दुसऱ्या पानावर फॉर्म होता. प्रत्येक ॲम्पची वॉटेज, स्पीकर किती आणि किती इंची, मागून उघडा की बंद, आणि शेवटचा रकाना ‘ॲम्पची दिशा’. वॉटेज ४०, स्पीकर एक, बारा इंची, मागून उघडा. दिशेच्या रकान्यात मी लिहिलं, ‘समोर’. दुसरी कुठली दिशा असणार? १९ तारखेला फॉर्म पाठवला, तो नऊ दिवसांनी मंजूर होऊन परत आला. चाचण्या २० जानेवारी आणि १७ फेब्रुवारीला. ‘समोर’ या शब्दापुढे कोणीतरी पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढलं होतं. मी त्याकडे काणाडोळा केला. हे प्रश्नचिन्ह लक्षात ठेवा.

अशा कागदांची मला आधी चीड आली होती. मग थोडं वाचलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली कार्यक्रमांच्या जागांसाठी जे मानक जाहीर केलं, त्यातही पंधरा मिनिटांच्या सरासरीला १०० डेसिबलची कमाल मर्यादा आहे. कामाच्या जागेसाठी अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेची शिफारस त्याहून कडक: ८५ डीबीएला आठ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. म्हणजे १०० डीबीएला दिवसाची पंधरा मिनिटं. आम्ही आठवड्यातून दोनदा तीन-तीन तास सराव करतो. हिशेब करायला बसलो आणि मध्येच सोडून दिला.

त्याऐवजी कान तपासून घेतले. सहा दिवसांनी वेळ मिळाली. जाण्याआधी सोळा तास मोठा आवाज ऐकू नका, असं फोनवर सांगितलं होतं, त्यामुळे एक सराव बुडवला. बंद खोलीत हेडफोन लावून बारीक बारीक टुकटुक ऐकायची आणि ऐकू आलं की बटण दाबायचं, अर्ध्या तासाचं काम. शेवटी शेवटी टुकटुक खरंच वाजतेय की मनात, हेच कळेनासं होतं आणि उगाच घाम फुटतो. आलेखात डाव्या कानाला ४००० हर्ट्झपाशी छोटासा खड्डा निघाला. मोठ्या आवाजाने होणारी इजा बहुतेकदा याच पट्ट्यात आधी दिसते, आणि माझा ॲम्प कायम डावीकडेच असतो. ‘आत्ता काळजीचं नाही, पण दर वर्षी येत जा,’ असं सांगितलं. येताना संगीतकारांसाठीचे इअरप्लग घेतले. फोमचे बोळे तीव्र स्वर जास्त गिळतात, त्यामुळे सगळं गोधडीखालून आल्यासारखं वाटतं. हे फिल्टरवाले सगळा आवाज साधारण सारखाच खाली आणतात. एक धोका मात्र आहे. प्लग घातले की आपल्याला कमी ऐकू येतं आणि हात आपोआप नॉबकडे जातो. म्हणून आधी ॲम्प लावायचा, मग प्लग घालायचे.

९ डिसेंबरला सरावाच्या खोलीत मोजमाप केलं. नायॉशचंच आयफोनसाठी मोफत ॲप आहे, ते वापरलं. मोबाइलचा माईक काही प्रयोगशाळेतला नसतो, त्यामुळे आकड्यावर देवासारखा विश्वास ठेवू नये. पण एकाच फोनने इथे किती आणि तिथे किती हा फरक पाहायला तो पुरतो. मी नेहमी उभा राहतो तिथे, ॲम्पपासून एक पाऊल पुढे, कानाजवळ ९८. मग पहिल्या टेबलाच्या अंतरावर खुर्ची टाकून बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर फोन धरला: १०१. लांब गेल्यावर आवाज वाढला! मला वाटलं ॲप बिघडलंय. दुसऱ्या फोनवर पाहिलं, तेच. भिंतींचा काहीतरी परिणाम असेल म्हणून सोडून दिलं. उत्तर माझ्या हातात होतं आणि मी ते खिशात टाकून घरी गेलो.

कारण माझ्या डोक्यात एकच गोष्ट पक्की बसली होती: ॲम्प मोठा आहे. खरं म्हणजे आम्हा गिटारवाल्यांना मोठ्या ॲम्पचं जे वेड आहे त्याची मुळं १९६०च्या दशकात आहेत. तेव्हा हॉलमधली ध्वनियंत्रणा जेमतेम गायकाचा आवाज पोहोचवायची, गिटारीला स्वतःच्याच बळावर हॉल भरावा लागायचा. म्हणून १९६५ साली मार्शल कंपनीने ‘द हू’ या बँडसाठी १०० वॉटचे ॲम्प बनवले. गंमत अशी की शूअर कंपनीचा एसएम ५७ हा माईकही त्याच १९६५ सालचा. आज जगभर गिटारच्या स्पीकरपुढे हाच माईक सर्रास लावलेला दिसतो, आणि तो मिक्सरला जोडला की शंभर वॉटची गरजच उरत नाही. पुढ्यात ५७ माईक ठेवला असता तरी मी ६५ सालचाच शंभर वॉटचा ॲम्प मागितला असता, असा माझा स्वभाव.

तर डिसेंबरच्या मध्यात मित्राचा १५ वॉटचा ॲम्प उसना आणला. चाळीसचे पंधरा, म्हणजे आवाज निम्म्याहून कमी होणार, असं साधं गणित. ते साफ चुकलं. कान वॉट मोजत नाही. शक्ती दुप्पट केली तर फक्त ३ डेसिबल वाढतात, आणि आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दसपट शक्ती लागते. चाळीसवरून पंधरावर आलं की पूर्ण ताकदीत फरक पडतो जेमतेम ४ डेसिबलचा. शिवाय स्पीकरची संवेदनशीलता, म्हणजे तेवढ्याच शक्तीत तो किती आवाज काढतो ते, वेगळी असू शकते. सेलेस्टियन या एकाच कंपनीच्या दोन प्रसिद्ध बारा इंची स्पीकरांमध्ये, ९८ डेसिबलच्या ग्रीनबॅक आणि १०० डेसिबलच्या व्हिंटेज ३० मध्ये, फरक २ डेसिबलचा. मित्राचा ॲम्प छोटा होता पण त्यातला स्पीकर माझ्यापेक्षा जोरकस, म्हणजे त्या चारातलेही काही परत गेले. वर छोट्या ॲम्पचा आवाज लवकर फाटतो. मोठ्या ॲम्पवर माझा क्लीन टोन हळू-जोरात असा वर-खाली व्हायचा, इथे सगळं दाबून एकसारखं सलग येऊ लागलं. मोजायला कमी, ऐकायला जास्त त्रासदायक. ड्रमर म्हणाला, ‘जुनाच आण रे.’

मग उतारा म्हणून अटेन्युएटर मागवला. ॲम्प आणि स्पीकर यांच्या मध्ये बसतो, ॲम्पची बरीचशी शक्ती पिऊन तिची उष्णता करतो आणि उरलेली स्पीकरला देतो. माझा ॲम्प ट्यूबचा, म्हणजे जुन्या पद्धतीच्या काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा. ट्यूब ॲम्प थोडा तापवल्याशिवाय त्याला तो गोड खरखरीतपणा येत नाही, म्हणून ही खटपट. किंमत ॲम्पच्या एक तृतीयांश, यायला बारा दिवस लागले. जोडताना काही गोष्टी पाळाव्याच लागतात. ॲम्प, अटेन्युएटर आणि स्पीकर यांचे ओहम जुळले पाहिजेत, माझ्याकडे तिन्ही ८. मधल्या जोडण्यांना स्पीकर केबलच हवी. गिटारची केबल दिसते तशीच, पण ती त्या कामाची नाही. आणि ट्यूब ॲम्प स्पीकरशिवाय किंवा तसा भार जोडल्याशिवाय चालू करून वाजवायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. मी केबल दोनदा तपासली आणि तरीही बटण दाबताना डोळे मिटले.

१२ डेसिबलच्या खाचेवर ठेवला, म्हणजे चाळीसचे अडीच वॉट. आवाज खाली आला खरा, पण त्यातला जीव गेला. याचं काही खापर अटेन्युएटरवर, बरंचसं कानांवर. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ सालीच दाखवलं होतं की आवाज लहान झाला की खालचे आणि अगदी वरचे स्वर कानाला प्रमाणाबाहेर कमी ऐकू येतात. म्हणून हळू आवाजात टोन पुन्हा लावावा लागतो, जोरात असतानाचे नॉब तसेच ठेवून चालत नाही. मी मात्र त्यावर उपाय म्हणून ट्रेबल, म्हणजे वरच्या स्वरांचा नॉब, वाढवला. आगीतून फुफाट्यात.

शोध लागला तो ६ जानेवारीला, आणि तोही बुटाच्या नाडीमुळे. लूपरवर एक तुकडा वाजवून ठेवला होता, तो गोल गोल फिरत होता, आणि मी ॲम्पसमोर नाडी बांधायला खाली बसलो. कान स्पीकरच्या पातळीला आला आणि कुणीतरी सुई टोचावी तसं झालं. उभा राहिलो: मऊ, उबदार, थोडी दबलेली गिटार. खाली बसलो: करवत. उभा, बसलो, उभा, बसलो. बेसवाल्याला वाटलं माझी पाठ धरली आहे.

बारा इंची स्पीकर म्हणजे सुमारे ३० सेंटिमीटर रुंद. ३००० हर्ट्झच्या स्वराच्या लहरीची लांबी साधारण ११ सेंटिमीटर. लहरीची लांबी स्पीकरपेक्षा लहान झाली की तो आवाज सगळीकडे पसरत नाही, टॉर्चच्या झोतासारखा सरळ जातो. आणि २००० ते ५००० हर्ट्झ हा नेमका माणसाचा कान सगळ्यात हळवा असण्याचा पट्टा. माझा ॲम्प जमिनीवर, मी एक मीटरवर उभा, म्हणजे माझा कान झोतापासून पन्नासेक अंश वर. पहिल्या टेबलावर बसलेल्या माणसाचा कान जेमतेम पंधरा अंशांवर. अनेक वर्षं मी झोत माझ्या गुडघ्यांवर मारत होतो, मला तीव्र स्वर ऐकू येत नाहीत म्हणून ट्रेबल आणि गेन (आवाज किती फाटवायचा तो नॉब) वाढवत होतो, आणि तो सगळा मसाला पायांमधून थेट पुढच्या टेबलावर ओतत होतो. ९८ आणि १०१चं कोडं सुटलं. पेन्सिलच्या प्रश्नचिन्हाचंही.

ॲम्प खुर्चीवर ठेवला आणि मागे रेलवून त्याचं तोंड माझ्या तोंडाकडे केलं. उपायाचा खर्च शून्य. पहिलाच सूर वाजवला आणि मी दचकलो. इतका कर्कश आवाज मी लोकांना ऐकवत होतो? कुणी सांगितलं नाही. म्हणजे सांगितलं होतं, तळहात दाबून, तीनदा. ट्रेबल सातवरून चारवर आला, गेन निम्मा झाला, व्हॉल्यूम दोनवरून एकच्या किंचित पुढे, आणि मला आधीपेक्षा स्वच्छ ऐकू येत होतं. अटेन्युएटर अजून आहे, वापरतोही, पण ६ डेसिबलच्या खाचेवर. उलट क्रमाने केलं असतं तर कदाचित घेतलाच नसता. ज्यांना ॲम्प खुर्चीवर ठेवता येत नाही त्यांनी तो निदान भिंतीला रेलवावा. रेलवताना केबलचा गुंता पायात येणार नाही एवढं बघा, माझा एकदा खुर्चीसकट कलंडला होता.

अजून एक बारीक दुखणं होतं. बऱ्याच ॲम्पच्या नॉबमध्ये पहिल्या दोन अंकांतच बहुतेक सगळा आवाज येतो. एकवर कुजबुज, दीडवर आरडाओरडा, मध्ये काही सापडत नाही. माझ्या ॲम्पला इफेक्ट्स लूप आहे, म्हणजे आवाजाच्या वाटेत मध्येच एखादं उपकरण जोडायची जागा, तिथे एक साधं व्हॉल्यूमचं डबडं बसवलं. मग ॲम्पचा नॉब तीनवर ठेवून त्या डबड्यावर हळूहळू आवाज लावता येतो. दुसरा मार्ग प्रीॲम्पच्या (ॲम्पमधल्या सुरुवातीच्या टप्प्याच्या) पहिल्या १२एएक्स७ ट्यूबच्या जागी ५७५१ लावण्याचा. पहिलीचं वर्धन १००, दुसरीचं ७०, त्यामुळे नॉबला थोडी जागा मिळते. मी डबड्यावरच थांबलो.

२० जानेवारी, पहिली चाचणी. वेळ वीस मिनिटं. फॉर्म नव्याने भरला होता, दिशेच्या रकान्यात ‘स्टेजच्या डाव्या कडेवरून आडवा, आत, वर तिरका’. दादांनी तो वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘आता बोलू या.’ ॲम्प आता आम्हालाच मॉनिटरसारखा, म्हणजे वादकांकडे तोंड केलेल्या स्पीकरसारखा, ऐकू येणार, आणि प्रेक्षकांना गिटार माईकमधून, मिक्सरमार्गे. हे ऐकायला सोपं वाटतं. साउंडचेकला पहिल्याच मिनिटात गायिकेच्या माईकमधून माझीच गिटार बाहेर येऊ लागली, कारण झोत बरोबर तिच्या माईकच्या तोंडात जात होता. दादांनी मला तिच्या जवळजवळ समोरच्या कोपऱ्यात सरकवलं. तिचा माईक कार्डिऑइड, म्हणजे पाठीमागून जवळपास बहिरा. झोत त्याच्या पाठीवर पडला आणि गोंधळ थांबला.

दादांचा साउंडचेकचा क्रमही उलटा. आमच्याकडे नेहमी मी पहिला, कारण माझ्याच तारा आधी जोडून होतात. ते म्हणाले, ‘आधी ताई गातील. या खोलीत शिट्टी न मारता गळा किती वर जातो ते बघू. ते आपलं छप्पर. मग ड्रम, मग बेस, तू शेवटी.’ छोट्या जागेत वाढवता न येणारी गोष्ट म्हणजे गायकाचा आवाज. माईक वाढवला की स्पीकरचा आवाज परत माईकमध्ये शिरतो आणि शिट्टी वाजते. बाकी सगळ्यांना कमी होता येतं. एवढी साधी गोष्ट मला कुणी आधी सांगितली असती तर मी ऐकली असती का, याबद्दल मात्र खात्री नाही.

निकाल: सरासरी ९९.५. दिवा दोनदा लाल झाला, एकदा सहा-सात सेकंद. तेवढा वेळ मी वाजवत नव्हतो, मोजत होतो. वीज गेली असती तर ट्यूब परत तापेपर्यंत स्टेजवर हात बांधून उभं राहावं लागलं असतं.

यावेळी दोष माझा नव्हता, असं म्हणायची फार इच्छा होती. गिटार बंद ठेवून नुसते ड्रम मोजले तर तेच ९७ यायचे. घरी येताना मी ड्रमरला अगदी हळू विषय काढून बोललो, पण तो माझ्याआधीच विचार करून बसला होता. ‘तू वाढवलंस की मला माझा स्नेअर ड्रम ऐकू येत नाही, मग मी जोरात मारतो, मग तू वाढवतोस. कोण आधी सुरू करतं ते सोड,’ म्हणाला. पुढचे दोन सराव ॲम्प अगदी तळाशी ठेवून केले. त्याने जाड काठ्यांऐवजी रॉड्स आणल्या, बारीक काड्यांच्या जुडीसारख्या, आणि स्नेअरवर दुमडलेला रुमाल टाकला. पहिला तास भयंकर गेला. दोघांनाही वाटत होतं आपण झोपेत वाजवतोय. दुसऱ्या तासाला त्याने एका कडव्याआधी काहीच वाजवलं नाही, एक ठोका रिकामा सोडला, आणि आम्ही तिघांनी एकदम वर पाहिलं. तो रिकामा ठोका आता कायमचा त्या गाण्यात आहे. जोरात वाजवताना तो कधी ऐकूच आला नसता.

सोलोचा प्रश्न उरला होता. आधी सोलो आला की पेडलने आवाज चढवायचो. आता इक्वलायझर पेडलवर ८०० हर्ट्झच्या आसपास ४ डेसिबलचा उंचवटा ठेवला आहे, बाकी सगळं जागेवर. आवाज फारसा वाढत नाही, पण गिटार गर्दीतून पुढे येते. त्याहून मोठा बदल गेन कमी केल्याचा. जास्त डिस्टॉर्शन घरी एकट्याने वाजवताना भरीव वाटतं, चौघांत गेलं की त्याचा नुसता घुर्रर होतो आणि मग आपण ऐकू यावं म्हणून आवाज वाढवतो.

मधल्या काळात दोघा-तिघांनी विचारलं, ॲम्प हवाच कशाला, मॉडेलर (ॲम्पच्या आवाजाची डिजिटल नक्कल करणारं यंत्र) घे आणि सरळ मिक्सरला जोड. सल्ला चुकीचा नाही. ज्यांच्याकडे चांगले मॉनिटर किंवा कानात घालायचे इन-इअर आहेत त्यांचा हा सगळा ताप वाचतो. या हॉलमध्ये मॉनिटर दोनच, दोन्ही गायिका आणि ड्रमरकडे, आणि ड्रमरला माझा ॲम्प शेजारून ऐकायची सवय. म्हणून आम्ही ॲम्पवरच राहिलो.

१७ फेब्रुवारी, दुसरी चाचणी. या वेळी गायिकेने येताना चिकटपट्टी आणली होती. साउंडचेक झाल्यावर तिने स्वतः माझ्या व्हॉल्यूमच्या डबड्यावर पट्टी आडवी लावली आणि वर तारीख घातली. मी हसलो, ती हसली नाही. पट्टीची गरज होती, हे अर्ध्या तासात कळलं. रिकाम्या खोलीत भिंती आवाज परत फेकतात, सगळं भरगच्च वाटतं. माणसं येऊन बसली की त्यांचे कपडे आणि अंगं वरचे स्वर पितात, वर त्यांच्या बोलण्याचा गलका. पहिल्या गाण्यात गिटार एकदम बारीक झाल्यासारखी वाटली. माझा हात दोनदा डबड्याकडे गेला आणि दोनदा पट्टीला लागून परत आला. डेस्कवर दादांनी मिक्सरमधून मला हवं तेवढं वर घेतलं होतं, ते मला स्टेजवरून कळणं शक्यच नव्हतं. सरासरी ९७. दिवा एकदा लाल, दोन सेकंद, तोही टाळ्यांनी.

मंजुरीचा मेल अकरा दिवसांनी आला, एका ओळीचा, सोबत १६ मार्चची तारीख आणि पुन्हा तोच दोन पानी फॉर्म. प्रत्येक कार्यक्रमाला नव्याने भरावा लागतो, मागचा चालत नाही. त्यामुळे मी भरलेला एक जपून ठेवतो आणि बघून लिहितो.

१६ मार्चला पाऊण तास वाजवलं. सरासरी ९६. पहिल्या टेबलावरची दोन माणसं शेवटपर्यंत जागेवरच होती. दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या मी कानात बोटं घालून शिट्टी शोधली, सापडली नाही. मैत्रिणीने याही वेळी व्हिडिओ पाठवला. गायिका ओळीआधी श्वास घेते तोसुद्धा ऐकू येतो, बेसची चाल ऐकू येते, आणि तिसऱ्या गाण्यात मी कोमलच्या जागी शुद्ध सूर घेतलाय, तोही अगदी स्पष्ट.